लोखंडी पेटीला छिद्र पाडताना : एक पाठ

स्मरणिकेतील इतिहासाच्या शिक्षकाच्या लेखाकडून वाचकांची अपेक्षा इतिहासाची असते. आम्हीही या वसतिशाळेत आयुष्याचा मोठा काळ इतिहासच शिकवीत आलो. तरीही या वेळी विजेच्या लोखंडी पेटीविषयी लिहावयाचे आम्ही ठरविले आहे. अशाच एका पेटीने आमच्या वसतिगृहातील मुलाचा जीव जवळजवळ घेतला होता आणि त्यातील दोष आमचाच होता. तो प्रसंग आणि त्यातून पुढे उभा राहिलेला पाठ माजी विद्यार्थ्यांच्या, पालकांच्या व समाजबांधवांच्या हाती द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रसंग रोवणीच्या दिवसांतला. रात्रभर पाऊस झालेला. सकाळी टाकीत पाणी चढविण्यासाठी आठवीतील एक मुलगा विहिरीजवळच्या मोटारपंपाच्या पेटीकडे गेला. बटण दाबण्यापूर्वी पेटीचे दार उघडण्यासाठी त्याने हात लावला आणि तो मागे फेकला गेला. फेकला गेला म्हणून वाचला. मूठ पेटीवर आवळली गेली असती तर हा लेख लिहिण्याचे धैर्य आम्हाला झाले नसते. दोन दिवस त्याच्या बोटांना मुंग्या येत होत्या. त्याची आई गावाहून आली. तिने आम्हाला एकच विचारले, “सर, पेटी तर लोखंडाचीच असते सगळीकडे. मग आमच्याच पोराला कसा झटका बसला?”

त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या दिवशी देता आले नाही. ते आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने दिले. तो वायरमन आहे आणि धानाच्या गिरण्यांची पॅनेले बसवितो. त्याने वीज बंद करून पेटी उघडली व आम्हाला आत बोट दाखविले. केबल आत घेण्यासाठी पेटीच्या बाजूला जे भोक होते, ते वेल्डिंगच्या कांडीने जाळून पाडलेले होते. त्याची कड करवतीच्या दात्यांसारखी ओबडधोबड होती. केबलभोवती रबरी बुश नव्हते. मोटार चालू असताना पेटी थरथरते. त्या थरथरीने दोन वर्षांत कडेने केबलचे आवरण कातरत नेले आणि पावसाचे पाणी शिरताच फेज पेटीत उतरला. अर्थिंगची तार होती, परंतु ती रंगावरच बोल्टने आवळलेली होती. रंगाखालच्या लोखंडाशी तिचा स्पर्शच नव्हता. त्यामुळे प्रवाहाला जमिनीत जाण्यास वाट मिळाली नाही, फ्यूज शांत राहिला आणि ओल्या मातीवर अनवाणी उभे असलेले मूल हीच ती वाट ठरली.

ते भोक कोणी पाडले, हे शोधण्यात अर्थ नव्हता. त्या कारागिराला “संध्याकाळच्या आत मोटार चालू झाली पाहिजे” असे आम्हीच सांगितले होते. त्याच्याजवळ वेल्डिंग यंत्र होते, म्हणून त्याने ते वापरले. साधन हाताशी होते; त्या साधनाने काय मागे राहील, हा विचार त्यानेही केला नाही आणि आम्हीही केला नाही. त्या वर्षापासून हिवाळ्यातील काही शनिवारी हा माजी विद्यार्थी नववी-दहावीच्या मुलांना व मुलींना पेटीला छिद्र पाडण्याचा पाठ देतो. आम्ही मागच्या बाकावर बसून टिपणे घेतो. पुढील मजकूर त्या टिपणांतून तयार झाला आहे.

साधनाआधी पाच प्रश्न

त्याच्या पाठाची सुरुवात एका वाक्याने होते : “सर, मुलांना ड्रिल दाखवू नका अजून. ड्रिल दिसलं की हात शिवशिवतात.” तो आधी फळ्यावर पाच प्रश्न लिहवून घेतो.

पहिला प्रश्न : छिद्र पाडणे खरोखर आवश्यक आहे काय? बाजारातील बहुतेक पेट्यांना कंपनीनेच अर्धवट कापून ठेवलेल्या गोल चकत्या असतात; हलका ठोका देताच त्या निघतात. मोठ्या पॅनेलांच्या तळाशी स्क्रूने बसविलेली सुटी पट्टी असते. तिला ग्लँड प्लेट म्हणतात. ती काढून, पेटीपासून दूर नेऊन, शिकंज्यात धरून तिलाच छिद्र पाडता येते. पेटीला हात न लावता काम होते, चुकले तर केवळ पट्टी बदलावी लागते. हा मार्ग उपलब्ध असताना पेटीची भिंत फोडणे म्हणजे दार असताना खिडकीतून घरात शिरणे होय.

दुसरा प्रश्न : छिद्र कशासाठी, केवढे आणि कोठे? केबलचे छिद्र वेगळे, बटणाचे वेगळे, मीटरचे वेगळे, पंख्याचे वेगळे. बाविस मिलिमीटरच्या नावाने विकली जाणारी बटणे व दर्शक दिवे सुमारे २२.५ मिमी व्यासाच्या छिद्रात बसतात. छिद्र २४ मिमी झाले तर बटण जागच्या जागी फिरते व त्याची रबरी चकती नीट टेकत नाही. जागेविषयी नियम साधा आहे : उघड्यावरील पेटीच्या माथ्यावर छिद्र नको. केबल खालून घ्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोका द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकून जाते. गडचिरोलीच्या पावसात हा झोका पुष्कळ पेट्या वाचवितो.

तिसरा प्रश्न : पत्रा कोणता आणि किती जाड? आपल्याकडे पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिमी, १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिमी, १४ गेज म्हणजे सुमारे २ मिमी. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. मुलांचा येथे हमखास घोटाळा होतो. साधे पोलाद, जस्त चढविलेला पत्रा, स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम यांचे स्वभावही वेगळे आहेत. स्टेनलेसवर बिट नुसते घासत राहिले तर पृष्ठभाग अधिकच कठीण होतो आणि बिट जळते. त्याला कमी फेरे, तेल आणि सलग दाब लागतो.

चौथा प्रश्न : पेटीत काय आहे? रिकामी पेटी आणि तारा-उपकरणांनी भरलेली चालू पेटी यांत भिंत आणि छाती यांच्याएवढे अंतर आहे. ड्रिलने निघालेला लोखंडाचा कीस काँटॅक्टरमध्ये किंवा दोन फेजांच्या मध्ये पडला, तर तो आज गप्प बसेल आणि महिन्याने ठिणगी पाडील.

पाचवा प्रश्न : छिद्रे किती आणि आपल्या हाती कोणती साधने आहेत? एका छिद्रासाठी योग्य असलेली रीत चाळीस छिद्रांसाठी योग्य असेलच असे नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट तुटते. तेथे काम करणाऱ्याने पिशवीत काय नेले आहे, यावरच रीत ठरते.

साधनांची ओळख

पाच प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरच तो साधने टेबलावर मांडतो.

साधे ड्रिल बिट हे सर्वांच्या परिचयाचे. दहा-बारा मिलिमीटरपर्यंतच्या छिद्रांना ते ठीक. त्याहून मोठे बिट पातळ पत्र्यात पार होताना अडकते, पत्र्याला आपल्याबरोबर फिरविते आणि छिद्र गोल न पडता तिकोनी पडते. सुटा पत्रा हातात धरून ड्रिल चालविणे म्हणजे बोटे पणाला लावणे होय. पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर घट्ट आवळावा, सेंटर पंचाने खूण ठोकावी, आधी लहान बिट मग मोठे बिट असा क्रम ठेवावा.

पायऱ्यांचे बिट म्हणजे स्टेप ड्रिल. शंकूच्या आकाराचे, एकेक पायरी मोठी होत जाणारे. पातळ पत्र्यात गोल छिद्रासाठी एकट्या माणसाला यासारखे सोयीचे साधन नाही. एका बिटाने अनेक मापे मिळतात, छिद्र गोल राहते आणि पुढची पायरी किंचित टेकवली की मागच्या छिद्राची धारदार कडही घासली जाते. पत्रा मात्र पायरीच्या उंचीपेक्षा पातळ हवा. आणि हवी त्या पायरीवर थांबण्याचा संयम हवा. एक पायरी पुढे गेली की ते छिद्र परत लहान होत नाही. पायरी ओळखता यावी म्हणून आमचा वायरमन त्या मापाच्या पायरीवर रंगाची रेघ ओढतो.

फेऱ्यांचा हिशेब मुले गणिताच्या वहीत करतात. साध्या पोलादाला हायस्पीड स्टीलच्या बिटाची धार मिनिटाला सुमारे २५ मीटर वेगाने फिरावी, असे धरले तर ६ मिमी बिटाला मिनिटाला सुमारे १३०० फेरे येतात आणि २२ मिमी व्यासाला केवळ ३६० च्या आसपास. व्यास वाढला की फेरे कमी करावयाचे. मोठे बिट पूर्ण वेगाने चालविणारा कारागीर बिट जाळतो आणि दोष मात्र दुकानदाराला देतो.

होल सॉ म्हणजे वाटीच्या काठाला करवतीचे दात. मोठ्या गोल छिद्रांना ती उपयोगी. मधले मार्गदर्शक बिट पत्र्यातून पार झाल्यावर वाटी थरथरते, म्हणून ड्रिल काटकोनात व दोन्ही हातांनी धरावे लागते. दात पत्र्यात अडकले तर ड्रिल मनगट पिरगाळते. कीसही पुष्कळ निघतो.

नॉकआउट पंच हा पॅनेल बनविणाऱ्यांचा मानाचा सोबती. पत्र्याच्या एका बाजूला धारेचा पंच, दुसऱ्या बाजूला पोकळ साचा, मधून बोल्ट. आधी बोल्ट जाईल एवढे लहान छिद्र पाडावयाचे; मग पान्याने किंवा हायड्रॉलिक पंपाने बोल्ट ओढला की पंच पत्र्याला कापत साच्यात शिरतो. गोल चकती बाहेर पडते, कीस जवळजवळ निघत नाही, कड स्वच्छ राहते, रंग फारसा उडत नाही. चालू कारखान्यातील भरलेल्या पॅनेलला छिद्र पाडावयाचे असल्यास ही रीत सर्वांत सुरक्षित. मर्यादाही स्पष्ट आहेत : प्रत्येक मापाला वेगळी जोडी लागते, पत्र्याच्या मागे साच्यापुरती जागा लागते, संचावर लिहिलेल्या जाडीपलीकडे तो वापरू नये आणि स्टेनलेससाठी त्याच कामाचा कठीण पंच हवा. आणखी एक फसगत ध्यानात ठेवावी. परदेशी नळीच्या मापाच्या काही पंचांवर अर्धा इंच लिहिलेले असते, परंतु छिद्र सुमारे २२.५ मिमीचे पडते, कारण ते माप छिद्राचे नसून आत बसणाऱ्या नळीचे असते.

चौकोनी छिद्रांसाठी जिगसॉ. पात्याचे दात इतके बारीक हवेत की पत्र्याच्या जाडीत निदान दोन दात एकाच वेळी टेकतील. नाहीतर दात पत्र्याला अडकून तुटतात. जिगसॉ जवळ नसेल तेथे रेषेच्या आतून ओळीने लहान छिद्रे पाडून, मधले दुवे छिन्नीने तोडून, कानशीने कड सरळ करावयाची जुनी रीत आहे. वेळ जातो, परंतु वीज नसलेल्या गावातही ती चालते.

उरले ग्राइंडर, ज्याला आपण कटर म्हणतो, आणि वेल्डिंगची कांडी. ग्राइंडरची चकती गोल असल्याने कोपऱ्यावर काप रेषेपलीकडे जातोच. ठिणग्या रंग जाळतात, आतल्या तारांच्या आवरणात शिरतात. रिकाम्या जाड पेटीला, बाहेर मोकळ्या जागेत, चष्मा लावून, क्वचित वापरावयाचे ते साधन. कांडीने भोक जाळण्याची रीत तो मुलांना शिकवीत नाही. त्याऐवजी तो आमच्या विहिरीवरील त्या जुन्या पेटीचा कापून ठेवलेला तुकडा दाखवितो. जस्ताच्या पत्र्यावर ती रीत वापरली तर निघणारा धूर छातीलाही बाधतो.

नव्या पॅनेलच्या बाबतीत सर्वांत चांगली रीत म्हणजे पेटी घेण्यापूर्वीच नकाशा काढून देणे. कारखान्यात पंचिंग किंवा लेझर यंत्रावर छिद्रे पडतात आणि रंग त्यानंतर चढतो, त्यामुळे कडेलाही रंग बसतो. कागदावर घालविलेला एक तास येथे पुढचा सगळा दिवस वाचवितो.

एक उदाहरण

धानाच्या गिरणीच्या पॅनेलवर नवा मीटर बसवावयाचा आहे. मीटरचा दर्शनी चेहरा ९६ × ९६ मिमी, आणि त्यासाठी लागणारे चौकोनी छिद्र ९२ × ९२ मिमी. म्हणजे प्रत्येक बाजूला चेहरा केवळ २ मिमी कड झाकतो. काप त्याहून अधिक वाकडा गेला तर तो जन्मभर दिसत राहील आणि तेथून धूळ शिरेल. पॅनेलच्या दारावर १६ गेजचा पत्रा, आत तारा भरलेल्या, छिद्र एकच.

मुले उत्तर मांडतात. मुख्य स्विच बंद करावयाचा, त्याला कुलूप लावावयाचे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावयाची आणि तपासणीच्या दिव्याने किंवा मीटरने वीज खरोखर गेली आहे याची खात्री करावयाची. तपासणीचे साधन आधी चालू वीजेवर पाहून घ्यावयाचे, म्हणजे तेच बिघडलेले नाही हे कळते. दार बिजागरीतून निघत असेल तर काढून बाहेर न्यावयाचे. निघत नसेल तर आतली उपकरणे जाड कापडाने व प्लॅस्टिकने झाकून कडा चिकटपट्टीने बंद करावयाच्या. रंगावर ओरखडे येऊ नयेत म्हणून दर्शनी बाजूस चिकटपट्टी लावून तिच्यावरच चौकोन आखावयाचा. चार कोपऱ्यांत, रेषेच्या आत, जिगसॉचे पाते जाईल एवढी छिद्रे पाडावयाची. काप ९१ मिमीच्या आसपास ठेवावयाचा आणि उरलेला अर्धा-अर्धा मिलिमीटर कानशीने घासून रेषेला आणावयाचा. कीस फुंकून किंवा हवेने उडवावयाचा नाही, कारण तो आतच जाऊन बसतो; चुंबकाने व ब्रशने गोळा करावयाचा. असे चाळीस मीटर असते तर उत्तर बदलले असते. तेव्हा चौकोनी पंच किंवा कारखान्यातील यंत्र हाच शहाणपणा.

छिद्रानंतरचे काम

काप पूर्ण झाला म्हणजे काम अर्धे झाले, असे तो मुलांना बजावतो. कापलेल्या कडेवर एक बारीक, उभी, वस्तऱ्यासारखी किनार राहते. कारागीर तिला बर म्हणतात. ती दोन्ही बाजूंनी कानशीने घालविलीच पाहिजे. त्यानंतर उघड्या लोखंडावर प्रायमर व रंगाचा हात. चंद्रपूरचे ऊन आणि गडचिरोलीचा पाऊस यांत उघडी कड एका ऋतूत गंजते. केबलसाठी रबरी बुश किंवा मापाचे ग्लँड, बटणाखाली रबरी चकती आणि वापरात नसलेल्या प्रत्येक छिद्राला टोपण. मोकळ्या छिद्रातून मुंग्या, पाली, गांधीलमाश्या पेटीत घर करतात आणि रोवणीच्या ऐन दिवशी मोटार बंद पडते. पेटीवर आयपी या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला धूळ व बाहेरील वस्तू यांपासूनचे संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचे. कारखान्याने दिलेला तो आकडा आपल्या एका निष्काळजी छिद्राने रद्द होतो.

अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून धातूला धातू भिडवावा. दाराला वेगळी लवचिक अर्थिंग तार द्यावी, कारण बिजागरीवर विसंबून राहता येत नाही. पुरवठ्याच्या बाजूस ३० मिलिअँपिअरवर तुटणारे गळतीरोधक यंत्र असावे. ते चुकीच्या छिद्राला बरोबर करीत नाही, परंतु चुकीनंतरही माणूस वाचण्याची शक्यता वाढविते.

एक गोष्ट आम्हालाही नवीन होती. तीन फेजांच्या तीन सुट्या केबली पोलादी पत्र्यात तीन वेगळ्या छिद्रांतून नेल्या, तर मोठ्या प्रवाहाला पत्रा तापतो. प्रत्येक तारेभोवतीचे बदलते चुंबकीय क्षेत्र तिच्याभोवतीच्या लोखंडात प्रवाह निर्माण करते. तिन्ही तारा एकाच छिद्रातून नेल्या की ती क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ नाहीशी करतात. किंवा तेथे ॲल्युमिनियमची पट्टी वापरावी. छिद्र किती सुबक आहे एवढेच पाहून भागत नाही. त्यातून काय जाणार हे ठाऊक असल्याशिवाय छिद्रांची संख्यासुद्धा ठरविता येत नाही.

येथे पालकांना एक स्पष्ट सूचना. शाळेतील हा सराव रिकाम्या, विजेशी न जोडलेल्या पेट्यांवर होतो. घरातील किंवा शेतातील चालू जोडणीवरचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. पाठाचा उपयोग एवढा, की तो काय करतो आहे ते आपल्याला कळावे आणि योग्य प्रश्न विचारता यावा.

इतिहासाच्या शिक्षकाचे दोन शब्द

आमच्या विषयाकडे थोडे वळण्याची परवानगी वाचक देतील. १८८२ साली रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन भूशास्त्रज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाविषयीचा अहवाल जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम होते, वरोऱ्याला कोळसा होता. कारखाना येथेच उभा राहील असे वाटण्याजोगी स्थिती होती. परंतु वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासला असता त्या कामास योग्य ठरला नाही आणि ती योजना तेथेच थांबली. कोळसा जवळ होता म्हणून तो चालेल असे त्यांनी मानले नाही. आधी तपासून पाहिले. आमच्या विहिरीवर मात्र वेल्डिंग यंत्र जवळ होते म्हणून ते चालले.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि विजेचा विषय त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजविकासाच्या समितीपुढे त्यांनी मांडलेला विचार असा होता की स्वस्त व मुबलक वीज औद्योगिकीकरणासाठी हवी आणि औद्योगिकीकरण हवे ते जनतेला दारिद्र्याच्या फेऱ्यातून सोडविण्यासाठी. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. म्हणजे विजेचा विचार त्यांनी ज्याच्या घरी ती पोचावयाची त्या माणसापासून सुरू केला.

आज आपल्या चंद्रपूरजवळ दुर्गापूरला २९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाबाची एकदिश वाहिनी मुंबईच्या दिशेने वीज नेते. त्या वाहिनीच्या प्रत्येक मनोऱ्यामागे हिशेब आहे, तपासणी आहे, जबाबदार अभियंता आहे. परंतु शेवटच्या हातभर अंतरावर, विहिरीजवळच्या पेटीत, हिशेब कोणाचाच नसतो. तेथे हात लावणारे कोण असतात? शेतमजूर, स्वयंपाकीण मावशी, वसतिगृहातले मूल. छिद्र पाडणारा संध्याकाळी घरी निघून जातो. कडेशी राहणे यांच्या वाट्याला येते. म्हणून रीत निवडताना सोय पाहावयाची ती यांची.

कालामांना बुद्धांनी सांगितले होते की परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, परिणाम स्वतः तपासून पाहा. आमच्या वर्गात एका मुलीने नेमके तेच केले. वायरमनदादाने स्टेप ड्रिल उत्तम म्हटल्यावर तिने विचारले, “दादा, मग तीन मिमीच्या स्टेनलेसलाही हेच का?” तो थांबला, बिटाची पायरी मोजली, म्हणाला, “यावर एक छिद्र पडेल, दुसऱ्याला बिट राहणार नाही. बरं विचारलंस.” त्या दिवशीचा पाठ आम्हाला सर्वांत चांगला वाटला.

एक विनंती

पावसाळा लागण्यापूर्वी प्रत्येक वाचकाने आपल्या घरची, शेतावरची, विहाराची पेटी वायरमनकडून वीज बंद करवून एकदा उघडून पाहावी. केबल जेथे आत शिरते तेथे बुश आहे काय, माथ्यावर छिद्र आहे काय, मोकळी छिद्रे बुजविली आहेत काय, अर्थिंगच्या बोल्टखाली रंग आहे काय, एवढे चार प्रश्न विचारावेत. जे माजी विद्यार्थी वीज केंद्रात, खाणींत, कागद कारखान्यात किंवा गिरण्यांत या कामात आहेत, त्यांनी हिवाळ्यातील एखादा शनिवार विद्यालयाला द्यावा. नॉकआउट पंचाचा एक जुना संच कोणी दिल्यास आमची मुले तो जपून वापरतील.

विहिरीवर आता नवी पेटी आहे. केबल खालून, ग्लँडमधून आत जाते. जुन्या पेटीचा तुकडा प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगलेला आहे. त्या जळालेल्या भोकाच्या कडेवरून मुले जुने फडके ओढून पाहतात. फडके दरवेळी फाटते. पुढे ज्यांच्या आईवडिलांना भेटण्याचा योग येतो, त्यांना आम्ही तो तुकडा दाखवितो. त्या माउलीलाही दाखविला. तिने कडेवरून बोट न फिरविता नुसते पाहिले आणि विचारले, “हे नीट पाडायला किती वेळ लागला असता, सर?”

आम्ही म्हणालो, “दहा मिनिटे.”